संखेड्याचा पाय, बिडात ओतलेला

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्याच्या अनेक वस्त्यांत शिरले आणि ते ओसरल्यावर तळमजल्यांवरच्या घरांतून निकामी झालेल्या सामानाचे ढीग गल्लोगल्ली पडले. फर्निचरचे आरेखन हाच माझा व्यवसाय असल्यामुळे त्या ढिगांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहत होते. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाची कपाटे कडांपाशी फुगली होती, लॅमिनेट सुटून लोंबत होते आणि बिजागऱ्यांचे स्क्रू नुसत्या बोटांनी ओढले तरी हातात येत होते. मधूनच एखादा जुना सागवानी चौरंग किंवा पाट दिसे; चिखलाने माखलेला खरा, पण धुऊन सावलीत वाळवला की पुन्हा वापरात घेता येईल असा.

नदीपासून फार लांब नसलेल्या एका मराठी कुटुंबाने मला बोलावले ते याच कारणाने. त्यांच्या दिवाणखान्यातले बहुतेक सगळे बाद झाले होते. टिकला होता तो काकूंच्या माहेरून आलेला, संखेडा गावच्या कातीव लाखकामाचा झोपाळा. काकूंनी अट घातली ती एका वाक्यात: “आता भुशाचं काही नको, जे करशील ते सागवानी आणि या झोपाळ्याला शोभेल असं कर.” घरासाठी दोन बुटकी आसने, एक ठेंगणे टेबल आणि झोपाळ्याची दुरुस्ती असे काम ठरले. त्याला जोडूनच दुसरे काम निघाले. काकूंचे यजमान हयात असताना दांडिया बाजारच्या बाजूच्या एका वाचनालयाचे काम कितीतरी वर्षे पाहत असत. त्यांच्या स्मरणार्थ वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत दोन बाके ठेवायची आणि तीही घरातल्यासारखीच, म्हणजे संखेड्याची, असे काकूंच्या मनात होते. ती मागणी पूर्ण करताना काय काय करावे लागले, ते येथे सांगते.

झोपाळ्याच्या खांबांवर पुराची रेघ उमटली होती. त्या रेघेच्या वर मरून रंगावरची सोनेरी नक्षी पूर्वीसारखीच चमकत होती, तर खाली सगळ्या पृष्ठभागावर पांढुरका धुरकटपणा आला होता आणि नख लावले की वरचा थर खपल्यांनी निघत होता. लाकडाला काहीही झालेले नव्हते. खराब झाली होती ती लाख. लाख हा किड्यांपासून मिळणारा नैसर्गिक राळेचा पदार्थ आहे. पाण्यात फार काळ राहिली की ती पांढरी पडते आणि साधारण सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊन वितळते. घराबाहेरच्या बाकाचा प्रश्न खरे तर या एका खांबावरच सुटला होता, पण काकूंना आणि मला दोघींनाही तो तसा सोडून द्यायचा नव्हता. म्हणून झोपाळ्याचे भाग सुटे करून ते आम्ही संखेड्याला नेले.

संखेडा गाव वडोदऱ्यापासून पन्नासएक किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी आहे. २०१३ साली छोटाउदेपूर जिल्हा वेगळा झाल्यापासून ते कागदोपत्री तिकडे गेले, तरी बडोदेकर त्याला अजूनही आपल्या अंगणातले गाव समजतात. खराडी-सुतार समाजाची कुटुंबे तेथे पिढ्यान् पिढ्या कातारकाम, म्हणजे लाकूड फिरते ठेवून कातण्याचे काम, करीत आली आहेत. बाजूला सुतारकामाचे आवाज, मधे विजेवर फिरणारे लेथ आणि रंगाच्या कामासाठी वेगळी, धूळ न येणारी खोली अशी कारखान्याची मांडणी होती. ज्यांच्याकडे आमचे काम होते त्या वयस्क कातारींना सगळेच काका म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ते मला “बेन” म्हणत.

नव्या आसनाचा पाय ते कातीत असताना मी समोर बसून होते. चौरस सागाचा दांडा लेथवर चढला की आधी त्याचे कोपरे जातात आणि गोल फिरणारी एक धूसर आकृती उरते. मग काका एक अरुंद लाकडी पट्टी तिच्याशेजारी धरतात. पट्टीच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेपाशी कुठे कंकण यायचे, कुठे गोळा, कुठे मान, हे ठरलेले असते. पेन्सिल खाचेत टेकवली की फिरत्या लाकडावर आपोआप वर्तुळे उमटतात. आराखड्याचा कागद त्या कारखान्यात कुठेही दिसला नाही. मी नेलेला कागद पाहून त्यांनी त्याच्यावरून अशीच एक पट्टी करून घेतली आणि कागद मला परत दिला. मानेपाशी हत्याराची धार तिरकी करून ते जे वळण काढीत, त्यात दोन पायांमध्ये केसाइतका फरक असे आणि तो डोळ्यांना कळत नसे, बोटांना मात्र कळे.

रंगकामाची रीत तर त्याहून बारीक. रंग दिलेल्या पृष्ठभागावर नक्षी काढायची ती सोन्याने किंवा सोनेरी रंगाने नाही, तर कथलाने. कथील सरसाबरोबर कुटून, खलून त्याची चंदेरी लापशी तयार करतात आणि बारीक कुंचल्याने वेलबुट्ट्या, ठिपके, जाळ्या हातानेच काढतात. वाळल्यावर ही नक्षी राखाडी आणि निस्तेज दिसते. अकीकाच्या दगडाने ती घासली की कथील चमकू लागते आणि त्यावर पारदर्शक लाखेचा थर बसला की त्या लाखेच्या पिवळसर छटेमुळे चांदीचे सोने होते. लाखेची कांडी ऊब मिळालेल्या फिरत्या लाकडाला टेकवली की ती वितळत पसरत जाते; शेवटी केवड्याच्या पानाने पृष्ठभाग घासून झिलई आणतात. हे सगळे पाहिल्यावर बाजारात सोनेरी स्प्रे मारून “संखेडा स्टाइल” म्हणून विकल्या जाणाऱ्या सोफ्यांकडे पाहणे अवघड होते, एवढे म्हणून पुढे जाते.

घरच्या आसनांविषयी थोडक्यात सांगायचे तर मी रंग फक्त पायांपुरता ठेवला आणि बसायची फळी तेलपाणी केलेल्या उघड्या सागाची ठेवली. आजच्या लहान दिवाणखान्यात सगळीकडून नक्षी अंगावर आली की खोली आणखी लहान वाटते, असे माझे मत आहे. काकूंना सुरुवातीला ते “अर्धवट राहिल्यासारखं” वाटले. झोपाळ्याच्या खांबांना नवी लाख चढून ते घरी परतले आणि त्यांच्याशेजारी ही आसने ठेवली गेली, तेव्हा त्यांनी तो शब्द मागे घेतला. निदान माझ्यासमोर तरी पुन्हा उच्चारला नाही.

बाकांचे काम मात्र येथून पुढे सुरू झाले. मे महिन्यात वडोदऱ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत चढतो आणि थेट उन्हातला गडद पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे सहज जातो. तेवढ्या उष्णतेत लाख चिकट होऊन धूळ धरते आणि पुढच्या महिन्यात पाऊस तिला पांढरी करतो. लाखेऐवजी पॉलियुरेथेनचा थर द्यावा असा पर्याय पुढे आला होता. हल्ली पुष्कळ ठिकाणी तसे करतातही. पण सागवान कितीही उत्तम असले तरी ते ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, वरचा कडक पापुद्रा त्याच्याबरोबर हलत नाही, त्याला बारीक तडे जातात आणि तड्यांतून आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट सापडत नाही. दोन पावसाळ्यांनंतर सोलपटलेले बाक वाचनालयासमोर उभे राहणे हे काकूंच्या यजमानांचे स्मरण म्हणून कोणालाच आवडले नसते.

साहित्य ठरवण्यापूर्वी मी त्या जागेवर निरनिराळ्या वेळी नुसती उभी राहून पाहत असे. जागा वाचनालयाच्याच मालकीची, पण तिला कुंपण नाही. पदपथ संपतो आणि ती सुरू होते, त्यामुळे ती सगळ्यांचीच झालेली आहे. कडेला एक कडुनिंब आहे. सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणारे ज्येष्ठ नागरिक पायऱ्यांवर बसत आणि उठताना दाराच्या चौकटीला धरत. दुपारी त्याच पायऱ्या तापत, तेव्हा हातगाडीवाले निंबाच्या बुंध्याशी टेकत. संध्याकाळी महाविद्यालयीन मुले उभ्या केलेल्या स्कूटरांच्या सीटवर आडवी बसून गप्पा मारत. आसपासच्या पोळींतल्या, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांतल्या, बायका मात्र येऊन थांबत नसत. बसण्याजोगी जी एकच कड होती तिचे तोंड पानाच्या टपरीकडे होते. त्यामुळे बाक कसे असावे याच्या आधी ते कोणीकडे तोंड करून असावे, हे ठरवणे भाग होते. एक बाक रस्त्याकडे पाहणारे आणि दुसरे त्याच्याशी काटकोनात, वाचनालयाच्या दाराकडे पाहणारे, अशी मांडणी झाली. काटकोनात बसलेल्या दोघांना बोलताही येते आणि नको असेल तर न बोलता बसताही येते.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली बडोद्याच्या विकासाविषयी अहवाल लिहिला होता. रुंद रस्त्यांसाठी जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी जेवढी गरज असेल तेवढीच शस्त्रक्रिया करावी, आहेत ती झाडे, तळी आणि चौक राखावेत, अशी त्यांची नगररचनेतली एकूण भूमिका सर्वज्ञात आहे. शंभर वर्षांनंतर आपण सार्वजनिक जागा म्हटली की कारंजे, दिव्यांची रोषणाई आणि सर्कलच्या मधोमध, जेथे रस्ता ओलांडून कोणी जाऊ शकत नाही अशा ठिकाणी, एखादे शिल्प असे समीकरण करून बसलो आहोत. काळ्या घोड्याचे उदाहरण त्या बाबतीत बोलके आहे. डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने केलेला सयाजीरावांचा तो अश्वारूढ ब्राँझ पुतळा १९०७ मध्ये उभा राहिला. महाराज राहिले बाजूला आणि लोकांनी घोड्यावरून चौकाला नाव दिले. लोकांनी कलाकृती आपल्या वापरात घेतली की असे होते आणि मला ते आवडते, मात्र त्या चौकात आज निवांत थांबून घोडा पाहायचा म्हटले तर जीव मुठीत धरावा लागतो.

मी येथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला संकायात शिल्पकला शिकले. १९५० साली हे संकाय सुरू झाले, शंखो चौधुरींनी शिल्पकला विभाग उभा केला आणि पुढे तेथे भरणाऱ्या कलामेळ्यांसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे चित्रकार लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करत. घरातली वस्तू आणि कलाकृती यांच्यामध्ये भिंत नसते, हे आम्ही त्या वातावरणातच गृहीत धरायला शिकलो. ओतकाम मी तेथेच पाहिले होते. त्यामुळे काकांच्या कारखान्यात कातलेल्या पायांची चळत पाहताना मला सुचले ते असे: लाखकाम बाहेर टिकणार नाही, लाकूडही फार काळ टिकणार नाही, पण संखेड्याची ओळख जेवढी सोनेरी नक्षीत आहे तेवढीच या कंकण-गोळा-मानेच्या घाटात आहे, आणि घाट धातूत ओतता येतो. काकांनी पाय कातायचा, तो पाय फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, म्हणून वापरायचा आणि त्यावरून बिडाचे (कास्ट आयर्नचे) पाय ओतून घ्यायचे.

कातीव आकाराचा येथे एक मोठा फायदा असतो. वाळूच्या साच्यातून पॅटर्न बाहेर काढायचा तर तो कुठेही अडकता कामा नये. कोरीव कामात पाने, फुले, पोकळ्या अडकतात आणि साच्याचे सुटे तुकडे करावे लागतात. लेथवर घडलेली वस्तू मात्र अक्षातून उभी दुभागली आणि आडवी ठेवली की तिच्यात कितीही कंकणे आणि खाचा असल्या तरी प्रत्येक अर्धा भाग सरळ वर उचलला जातो. अडचण फक्त काटकोनी खांद्यांची. त्यांच्या उभ्या भिंती वाळूला घासत वर येतात आणि कड ढासळते. म्हणून जेथे कंकणाची बाजू सरळ उभी होती तेथे तिला किंचित कल द्यावा लागला.

पॅटर्न दुभागायची युक्ती मी काकांना सांगितली आणि त्यांना ती लगेच पटली. सागाच्या दोन फळ्या घेऊन त्यांच्या मधे वर्तमानपत्राचा कागद घालून सरसाने चिकटवायच्या, वाळल्यावर तो जोड बरोबर मध्यावर येईल असा दांडा लेथवर चढवायचा आणि नेहमीसारखा पाय कातायचा. काम पूर्ण झाल्यावर जोडावर पटाशी ठेवून हलका ठोका दिला की कागदच मधोमध फाटतो आणि दोन नेमके अर्धे भाग हातात येतात. ठोका काकांनी स्वतः दिला. दोन्ही भागांच्या सपाट बाजूंवर गुजराती बातम्यांचा अर्धा अर्धा थर चिकटून राहिला होता; एकावर बाजारभाव होते. मग दोन्ही अर्धे एकमेकांवर चुकणार नाहीत म्हणून आत दोन खुंट्या बसवल्या.

मापांचा हिशेब वेगळा होता. वितळलेले बीड गोठताना आणि निवताना आकसते, साधारण मीटरमागे दहा मिलिमीटर, त्यामुळे पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा लागतो. पॅटर्नवाल्यांकडे त्यासाठी खास फूटपट्टी असते जिच्यावरच्या खुणाच मुळात मोठ्या असतात. काकांना ही पट्टी फार आवडली. खोटे माप दाखवणारी आणि तरीही खरे माप देणारी पट्टी त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली, असे ते म्हणाले. जाडीचा प्रश्न मात्र गोडीगुलाबीने सुटण्यासारखा नव्हता. राखाडी बीड दाबाला भक्कम असते, पण ताणाला आणि आघाताला कच्चे. लाकडी पायात काकांनी काढलेली नाजूक मान बिडात तशीच ठेवली असती तर स्कूटरच्या एका धक्क्यात तुटली असती. शिवाय फाउंड्रीतल्या मुख्य कारागिरांनी आराखडा पाहताच बोट ठेवले ते जाड गोळा आणि बारीक मान शेजारी शेजारी येतात त्या जागेवर: बारीक भाग आधी गोठतो, जाड भागाला पुढे धातू मिळत नाही आणि आत पोकळी राहते. मानेचा व्यास अठ्ठावीस मिलिमीटरवरून पंचेचाळीसवर न्यावा लागला आणि गोळा थोडा बसका करावा लागला. नवा पॅटर्न कातून झाल्यावर काकांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “बेन, हा तर पहिलवान झाला.” तो तसा झालाच होता. घाट तोच, पण पेलायचे ओझे बदलले की अंगकाठी बदलणार, हे आम्ही दोघांनीही मान्य केले.

ओतणीच्या दिवशी काका मुद्दाम फाउंड्रीत आले. बेंटोनाइट ही चिकणमाती आणि पाणी मिसळलेली काळी वाळू खालच्या पेटीत पॅटर्नच्या एका अर्ध्यावर ठोकून भरली जाते, मग वरची पेटी ठेवून दुसऱ्या अर्ध्यावर तेच होते, पेट्या वेगळ्या करून पॅटर्न काढून घेतात आणि वाळूत राहतो तो पायाचा रिकामा ठसा. कंकणांच्या कडा वाळूत इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की काकांनी हात पुढे केला आणि कारागिराने तो तितक्याच चटकन धरला. तेराशे अंशांच्या पुढचा धातू त्या पोकळीत उतरताना दिसतो त्यापेक्षा ऐकूच जास्त येतो. निवल्यावर पेटी फोडली तेव्हा बाहेर आलेला पाय खरबरीत, करडा आणि दोन्ही बाजूंनी उभी शीर असलेला होता. ती शीर म्हणजे दोन पेट्यांच्या सांध्यावरचा ओघळ. बाहेरच्या बाजूची शीर घासून काढायला सांगितली, आतल्या बाजूची किंचित राहू दिली. वस्तू कशी झाली याचा तेवढा पुरावा तिच्या अंगावर असावा, असे मला वाटते. एकेक पाय अकरा-बारा किलोचा भरला.

बसायच्या फळीसाठी दगड, लाकूड आणि लोखंड हे तिन्ही पर्याय तपासून मी मोझॅकवर आले. वडोदऱ्यातल्या जुन्या घरांत आणि शाळांत मोझॅकच्या लाद्या पन्नास पन्नास वर्षे टिकलेल्या आपण पाहतो. छोटाउदेपूरच्या भागात डोलोमाइटच्या खाणी असल्यामुळे फिकट रंगाच्या चिप्स जवळच मिळतात, आणि फिकट रंग उन्हात कमी तापतो. फळी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब, बेचाळीस सेंटिमीटर खोल आणि सहा सेंटिमीटर जाड, आत सळईची जाळी, वरच्या थरात पांढरे सिमेंट आणि चिप्स. तिचे वजन शंभर किलोंच्या वर जाते, त्यामुळे ती कोणी उचलून नेण्याची काळजी उरत नाही. गोणपाट ओले ठेवून तिला पुरेसे पाणी पाजल्यावर घासाई झाली: आधी साठ नंबरच्या दगडाने, मधे छिद्रे सिमेंटच्या लापशीने भरून, मग एकशेवीस आणि तीनशेवीसने. पुढची कड मांडीला रुतू नये म्हणून गोल केली. मागच्या बाजूला आठ मिलिमीटरचा उतार दिला, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही, आणि फळीच्या खाली कडेने एक बारीक खाच ठेवली, म्हणजे ओघळणारे पाणी पायांवर न येता तेथूनच खाली गळते.

सोन्याचा प्रश्न काकूंनी सोडला नव्हता. पाय मरून रंगाचे होणार हे ऐकून त्यांनी कंकणे सोनेरी रंगवावीत असा आग्रह धरला. सोनेरी रंगात बहुधा पितळेचीच बारीक भुकटी असते, ती बाहेर काळवंडते आणि दरवर्षी पुन्हा रंगवावी लागते. त्याऐवजी मोझॅकमध्ये पितळी पट्टी बसवायची ठरली. मोझॅकच्या लाद्यांत रंग वेगळे ठेवण्यासाठी अशा पट्ट्या पूर्वीपासून वापरतात; आम्ही फळीच्या लांबीला समांतर दोन ओळी आणि त्यांच्यामध्ये झोपाळ्यावरच्या जाळीतला एक आकार घेतला. पितळही काळवंडते, हे खरे, पण ज्या जागेवर लोक बसतात तेथे कपड्यांच्या घासण्याने ते उजळत राहते. ही गोष्ट काकूंना सगळ्यांत जास्त पटली.

वाचनालयाच्या विश्वस्तांच्या बैठकीत वाद झाला तो बाकाच्या हातांवरून, म्हणजे आर्मरेस्टवरून. बाकाच्या मधोमध एक हात बसवावा, म्हणजे कोणी आडवे होऊन झोपणार नाही, असे एका ज्येष्ठ सदस्याचे म्हणणे होते. त्यांची चिंता खोटी नव्हती. पायऱ्यांवर झोपलेल्यांना उठवण्याचे काम वाचनालयाच्या शिपायालाच करावे लागते. पण जगभर शहरांतल्या बाकांवर मधे बसवलेले हे हात बसणाऱ्याच्या सोयीसाठी नसतात, नको असलेल्या माणसाला हुसकण्यासाठी असतात, आणि हुसकण्याचे काम फर्निचरने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी निंबाखाली तासभर पाठ टेकणारा हातगाडीवाला वाचनालयाचे काही नेत नाही. उलट, दोन्ही टोकांना हात असणे मात्र आवश्यक होते, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या आसनावरून उठताना रेटा द्यायला काहीतरी लागते. मी सकाळी दाराची चौकट धरून उठणाऱ्यांचे उदाहरण दिले आणि त्या ज्येष्ठ सदस्यांना ते स्वतःलाच लागू पडते हे हसत कबूल करावे लागले. टोकांचे हात ठेवले, मधला गाळला.

नावाच्या पाटीचा वाद मला अपेक्षित होता. आपल्याकडे “कै. अमुक यांच्या स्मरणार्थ” ही ओळ बाकाच्या पाठीवर एवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहितात की बसणाऱ्याची पाठ त्या नावाला टेकते आणि लांबून पाहणाऱ्याला बाक कमी, फलक जास्त दिसतो. काकूंचा मुलगा त्याच बाजूचा होता. काकूंनीच निकाल दिला: “त्यांना पाटी आवडायची नाही, त्यांना वाचणारी माणसं आवडायची.” शेवटी नाव मोझॅकच्या पुढच्या कडेवर, पितळी पट्टीच्या टोकाशी, दीड सेंटिमीटरच्या अक्षरांत बसवले. बसायला वाकणाऱ्यालाच ते दिसते.

उभारणीबाबत फार सांगण्यासारखे नाही. पायांच्या तळपट्ट्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत पुरलेल्या बोल्टांवर घट्ट केल्या, वरचा पोलादी सांगाडा गॅल्व्हनाइझ करून घेतला आणि मगच रंगवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे पदपथावर निदान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी राहायला हवी; जागा वाचनालयाची असली तरी बसलेल्यांचे पाय पदपथावर येऊ नयेत म्हणून रस्त्याकडचे बाक आम्ही आणखी थोडे मागे सरकवले. पुराचे पाणी पुन्हा आलेच तर त्यात फुगेल, विरघळेल किंवा कुजेल असे त्या बाकांत काहीही नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर बोल्टांच्या डोक्यांभोवती गंजाचे डाग दिसले आणि एका पायाच्या मानेवरचा रंग चिप झाला होता, बहुधा सायकलच्या पेडलने. शिपायाकडे रेड ऑक्साइडचा आणि मरून इनॅमलचा एकेक छोटा डबा व ब्रश देऊन ठेवला आहे. दिवाळीआधी घासून डागडुजी करायची असे ठरले आहे आणि तो ती मनापासून करतो. सकाळचे वाचक आता दाराकडच्या बाकावर बसतात. संध्याकाळी रस्त्याकडचे बाक मुलांच्या ताब्यात असते. पोळीतल्या दोन-तीन बायका भाजी निवडायला काटकोनाच्या आतल्या बाजूला येऊन बसतात, आणि इस्त्रीवाला आपली गाठोडी दुपारी तेथे ठेवतो, ज्याबद्दल विश्वस्तांची कुरकुर चालू आहे.

पॅटर्नचे दोन्ही अर्धे भाग फाउंड्रीत क्रमांक घालून ठेवलेले आहेत. मांजलपूरमधल्या एका सोसायटीने बागेसाठी तशीच चार बाके मागितली, मात्र मधल्या हातासह. पाय हवे तेवढे मिळतील, पण मधला हात माझ्या आराखड्यात नाही, असे मी त्यांना कळवले. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी चारांपैकी दोन बाके मधल्या हाताशिवाय घ्यायचे मान्य केले आणि उरलेली दोन दुसरीकडून करून घ्यायचे ठरवले आहे. आमच्या दोन बाकांच्या पायांची ओतणी दिवाळीनंतर होईल. काकांना तेव्हा पुन्हा फाउंड्रीत यायचे आहे.